सही चालते आहे तोवर : घरच्या घरी ज्येष्ठांची सेवा आणि तिचा खर्च

रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर सांगतात, "आता यांच्याजवळ चोवीस तास कुणीतरी लागेल." या एका वाक्याचा महिन्याचा खर्च किती, हे घरात तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो, सेवेला मावशी येतात, पहिले दोन महिने कुणाच्या तरी पगारातून निघून जातात आणि तिसऱ्या महिन्यात भावंडांत पहिला खटका उडतो. तो उडू नये म्हणून पहिल्या आठवड्यातच कागद-पेन घेऊन बसायला हवं.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. घरी ठेवलेल्या मदतनीसाचा रोजचा पगार देईल अशी सर्वांसाठीची सरकारी योजना आपल्याकडे नाही. नेहमीचा आरोग्य विमाही तो देत नाही. हा पैसा येतो तो ज्येष्ठांच्या स्वतःच्या पेन्शनमधून, ठेवींतून, घरातून आणि मग मुलांच्या वाट्यातून. म्हणून पैसा आहे की नाही याच्याइतकंच महत्त्वाचं असतं, तो हाताशी येतो की नाही. बऱ्याच घरांत पैसा असतो, पण तो काढायला ज्यांची सही लागते त्यांचा हात थरथरत असतो, किंवा त्यांना कशावर सही करतोय हे उमगत नसतं. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं एका महिन्यात जमलं नाही तरी चालेल, पण सहीचा भाग पुढे ढकलू नका.

आधी तास मोजा

"चोवीस तासांची बाई हवी" असं ब्युरोला सांगण्याआधी तीन दिवस एका वहीत लिहा : उठवणं, शौचाला नेणं, अंघोळ, भरवणं, औषधं, कूस बदलणं, रात्री किती वेळा उठावं लागलं. प्रत्येक कामापुढे वेळ आणि किती माणसं लागली तेही लिहा. तीन दिवसांनी चित्र बरंच वेगळं दिसतं. जे स्वतः उठून बसू शकतात त्यांना बहुतेक वेळा सकाळचे तीन-चार तास आणि संध्याकाळचा तासभर एवढीच बाहेरची मदत लागते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती चालती-फिरती असते, पण तिच्यावर लक्ष ठेवायला दिवसभर माणूस लागतो. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा.

काम कोणत्या दर्जाचं आहे तेही इथेच ठरतं. अंघोळ, डायपर, भरवणं, चालवणं ही मावशींची किंवा मदतनीस मामांची कामं. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, शिरेतून इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही प्रशिक्षित नर्सची. दोन्हींच्या दरांत मोठा फरक असतो. कॅथेटर आहे म्हणून बारा तासांची नर्स ठेवणं ही नेहमी होणारी महागडी चूक. मावशींना पिशवी रिकामी करायला आणि जागा स्वच्छ ठेवायला शिकवा आणि नर्सला फक्त बदलण्याच्या दिवशी, भेटीच्या दराने बोलवा. सिलिकॉनची कॅथेटर लॅटेक्सपेक्षा महाग असते, पण जास्त दिवस टिकते. भेटींचा खर्च धरला तर हिशेब अनेकदा तिच्याच बाजूने जातो. डॉक्टरांना विचारून ठरवा.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नका. अंथरुणावरच्या माणसासाठी रात्रीची मदत बंद केली की रात्रभर कूस बदलली जात नाही. माकडहाडापाशी आधी लाल चट्टा उठतो, मग कातडी फाटते. एकदा खोल शय्याव्रण झालं की ड्रेसिंग, प्रतिजैविकं आणि कधी कधी पुन्हा रुग्णालय. रात्रपाळीचे वाचवलेले पैसे त्यात केव्हाच संपतात. रात्रीची मावशी परवडत नसेल तर घरातल्यांनी गजर लावून पाळ्या वाटून घ्या आणि हवेची गादी आणा.

महिन्याचा खरा आकडा

ब्युरो सांगतो तो दर म्हणजे खर्च नव्हे. समजा बारा तासांचे दिवसाला ८०० रुपये सांगितले. महिन्याचे झाले २४,०००. त्यावर ब्युरोची नोंदणी फी, जीएसटी लावत असतील तर तो, सणाच्या दिवशीचा दुप्पट दर, मावशींचा चहा-जेवण. दिवसाला तीन डायपर म्हणजे महिन्याला नव्वद. एक ४० रुपयांना पडला तर ३,६०० झाले. अंडरशीट, हातमोजे, नळीतून द्यायचं पातळ अन्न किंवा प्रथिनांची पावडर, फिजिओथेरपिस्टच्या भेटी, औषधं हे वेगळंच. तुमच्या गावातले दर घालून हा तक्ता स्वतः भरा. दोन-तीन ब्युरोंकडून दर घ्या आणि प्रत्येकाला हेच चार प्रश्न विचारा : मावशी न आल्यास बदली किती तासांत मिळेल, त्या दिवसाचे पैसे कापले जातील का, अनामत परत मिळते का, आणि थेट मावशींशीच ठरवलं तर ब्युरोला काय द्यावं लागेल. उत्तरं कागदावर घ्या.

कॉट, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लगेच विकत घेऊ नका. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांत विश्वस्त संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं "रुग्णोपयोगी साहित्य केंद्र" चालवतात. अनामत ठेवून नाममात्र भाड्याने या वस्तू मिळतात. गादी आणि डायपरसारख्या वस्तू मात्र स्वतःच्याच हव्यात.

आता वजाबाकी. समजा सगळं धरून महिन्याचा खर्च ३४,००० आणि ज्येष्ठांचं पेन्शन व व्याज मिळून १९,०००. तूट १५,०००. वर्षाची १ लाख ८० हजार. पाच वर्षांची ९ लाख, आणि पेन्शन-व्याज तेवढंच राहून खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला तर साधारण साडेबारा लाख. एवढाच आकडा उभा करायचा आहे. "पैसे कसे पुरणार" या धास्तीपेक्षा "पाच वर्षांत साडेबारा लाख" हे बोलायला सोपं असतं.

सहीचा प्रश्न

घरोघरी एक गैरसमज असतो : "नॉमिनी मीच आहे, काही अडचण नाही." नामनिर्देशन मृत्यूनंतर कामाला येतं, आजारपणात नाही. वडील शुद्धीवर नसतील तर त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवीला नॉमिनी हात लावू शकत नाही.

दुसरा गैरसमज मुखत्यारपत्राचा. साधं मुखत्यारपत्र, ज्याला सगळे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणतात, ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच चालतं. देणाऱ्याची समज कायमची गेली की करार कायद्याप्रमाणे मुखत्याराचा अधिकारही संपतो. स्मृतिभ्रंशाच्या आजारात नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं.

मग करायचं काय? व्यक्ती समजून-उमजून सही करू शकते आहे तोवर पुढची कामं उरका.

बँकेतल्या बचत खात्यावर आणि ठेवींवर विश्वासातलं एक नाव जोडा आणि खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीने चालवायची सूचना द्या. बँकेच्या भाषेत "आयदर ऑर सर्व्हायव्हर". ठेवींची मुदतीआधी मोडण्याची परवानगीही त्याच पद्धतीने लिहून द्या, कारण काही बँका संयुक्त ठेव मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या मागतात. हे फॉर्म भरतानाच विचारा. म्युच्युअल फंड एकाच नावावर असतील तर त्यांतले काही आताच विकून पैसे संयुक्त खात्यात आणून ठेवणं सोयीचं. सगळ्या कागदांची एक यादी करा : खाते क्रमांक, शाखा, कोणत्या पद्धतीने चालतं, मुदत कधी संपते. यादी दोन मुलांकडे असावी, एकाकडे नको. आणि आई-वडिलांना हे सगळं करताना विश्वासात घ्या. पैसा त्यांचा आहे. आपण तो त्यांच्याच सेवेसाठी मोकळा करतो आहोत, हे त्यांना नीट बसून सांगितलं तर बहुतेक जण स्वतःहून सहीला बसतात.

हात चालत नाही पण डोकं शाबूत आहे, अशा वेळी घाबरून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे देता येतात. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच बँकिंग द्यावं असंही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. शाखेत तोंडी विचारलं तर कधी कधी "आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळतं. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

समज पूर्ण गेली असेल, किंवा व्यक्ती कोमात असेल, तर उच्च न्यायालयात अर्ज करून जोडीदाराला किंवा मुलाला पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केलेल्या आहेत. पण वकील, वैद्यकीय अहवाल, महिने, हे सगळं आलंच. ती वेळ येऊ नये म्हणून आधीची कामं.

आहे त्या पैशातून दरमहा किती?

पहिली तपासणी पेन्शनची. वडील गेल्यावर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालंय का? केंद्र सरकारच्या निवृत्तांना ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतं, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. बँकेच्या नोंदीत जन्मतारीख चुकीची असेल किंवा नसेलच, तर ही वाढ लागत नाही. पेन्शनचा आदेश आणि आधार शेजारी ठेवून तारीख जुळवा.

हयातीचा दाखला हे दुसरं दुखणं. अंथरुणावरच्या माणसाला नोव्हेंबरमध्ये बँकेत नेता आलं नाही म्हणून पेन्शन थांबतं, आणि हे कळतं तेव्हा मावशींचा पगार द्यायचा असतो. "जीवन प्रमाण" अ‍ॅपवरून चेहरा ओळखून दाखला घरून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेले असले तरी अडत नाही. चेहऱ्यावर उजेड समोरून पडेल असं बसवा, चष्मा काढा. पोस्टमनकडूनही घरपोच दाखला निघतो.

ठेवींमध्ये सगळ्यात कामाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. वय ६० पूर्ण हवं, एका व्यक्तीला कमाल ३० लाख रुपये, मुदत ५ वर्षं आणि ती पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला व्याजदर ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण ज्या दिवशी तुम्ही पैसे ठेवले त्या दिवशीचा दर तुमच्या पाच वर्षांसाठी कायम राहतो. या दराने १० लाखांवर वर्षाला ८२,००० म्हणजे महिन्याला सरासरी ६,८०० च्या वर. पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००. वरच्या उदाहरणातली १५,००० ची तूट फक्त व्याजातून भरून काढायची तर साधारण २२ लाख इथे हवेत.

या योजनेत दोन ठिकाणी गफलत होते. व्याज तिमाहीला मिळतं, पगार मात्र दरमहा द्यायचा असतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांचा पगार बचत खात्यात वेगळा ठेवा. आणि सगळे पैसे इथे अडकवू नका : वर्षाच्या आत खातं बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलंही वसूल होतं. पहिल्या वर्षानंतर दीड टक्का आणि दुसऱ्यानंतर एक टक्का रक्कम कापली जाते. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना ७.४ टक्के दराने दरमहा व्याज देते. मर्यादा एकट्याला ९ लाख, संयुक्त खात्याला १५ लाख. पंधरा लाखांवर महिन्याला ९,२५० होतात.

उरलेले पैसे बँकेत ठेवताना दहा लाखांची एक ठेव करण्याऐवजी लाखाच्या दहा करा, वेगवेगळ्या मुदतींच्या. अचानक ऐंशी हजार लागले तर एकच मोडते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. वैयक्तिक कर्ज काढून मावशींचा पगार देणं हा मार्ग टाळा. संपण्याची तारीख माहीत नसलेला खर्च हप्त्यांवर कधीच भागत नाही.

आई-वडील तुमच्याकडे राहायला आले असतील आणि त्यांचं घर बंद असेल, तर ते भाड्याने द्या. बंद घर म्हणजे देखभाल शुल्क भरत राहणं. भावनिकदृष्ट्या हे जड जातं, पण त्या भाड्यात निम्मी मावशी निघते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. नात्यातल्या भाडेकरूलाही करार करूनच ठेवा.

विमा आणि कार्ड : काय मिळतं, काय नाही

आरोग्य विम्यात "डोमिसिलरी" म्हणजे घरी उपचार असा शब्द असतो. तो वाचून लोक आशा धरतात. त्याचा अर्थ एवढाच की रुग्णाला हलवता येत नाही किंवा रुग्णालयात खाट नाही म्हणून रुग्णालयातलेच उपचार घरी दिले. त्यातही बहुतेक पॉलिसींत किमान तीन दिवसांची अट असते. वृद्धापकाळामुळे लागणारी मावशी त्यात बसत नाही.

जिथे काही मिळू शकतं ती जागा म्हणजे रुग्णालयातून सुटल्यानंतरचा काळ, पॉलिसीप्रमाणे साधारण ६० किंवा ९० दिवस. या काळातली औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी यांचा दावा त्याच आजारासाठी करता येतो. काही पॉलिसींत घरी नर्स ठेवण्याचा लाभ वेगळा असतो. तो घ्यायचा तर घरी सोडण्याआधीच डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या : घरी नर्सची गरज आहे, किती दिवस आणि कशासाठी. घरी आल्यावर हे वाक्य मिळवणं कठीण जातं. नर्सच्या पावतीवर तिचा नोंदणी क्रमांक हवा. "अटेंडंट" असं लिहिलेली पावती बहुधा नाकारली जाते. दावा चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाने, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात. मर्यादा कुटुंबासाठी आहे, म्हणजे घरातल्या सत्तरीपुढच्या दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी चालतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. हे कार्ड मावशींचा पगार देणार नाही, पण मांडीचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेत जाणारी ठेव वाचवेल. त्याच ठेवीतून पुढचं वर्षभर घरची मदत निघते.

उत्पन्न फारच कमी असेल तर

वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत. सोबत वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही पैसे येत नाहीत, ते आधी तपासा. राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरील व्यक्तीला एकदा ३,००० रुपये खात्यात येतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असल्यास. गावात असाल तर आशाताईंना सांगून अंथरुणावरच्या रुग्णाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. कुठे काय मिळेल हे उमगत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत.

पक्षाघात, पार्किन्सन यांमुळे अपंगत्व आलं असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र जरूर काढा. म्हातारपणी कशाला, असं म्हणून ते राहून जातं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर जुन्या करप्रणालीत, अवलंबून असलेल्या पालकांसाठी मुलाला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. ८० टक्क्यांपुढे सव्वा लाख.

करातल्या बाकीच्या सवलतीही जुन्याच करप्रणालीत आहेत : ज्येष्ठ आई-वडिलांचा विमा हप्ता, किंवा विमा नसेल तर औषधोपचारांचा रोखीने न दिलेला खर्च, ५०,००० पर्यंत. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, कर्करोग अशा ठरावीक आजारांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर १ लाखापर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे आकडे बदलतात. करसल्लागाराकडे जाताना कलम नको, खर्चाची फाइल न्या.

घरातून पैसा

दुसरं काही नाही, फक्त राहतं घर आहे, अशांसाठी २००७ मध्ये रिव्हर्स मॉर्गेज कर्ज आलं. घर गहाण ठेवायचं, हप्ता मात्र बँकेने तुम्हाला द्यायचा. घरमालकाचं वय ६० पूर्ण हवं, पती-पत्नी मिळून घेत असतील तर दुसऱ्याचं ५५. हयात असेपर्यंत दोघं त्याच घरात राहतात. मिळणारी रक्कम कर्ज असल्याने त्यावर आयकर नाही. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर ठेवावं, नाहीतर बँक विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते.

आकडे आधीच पाहून घ्या, नाहीतर निराशा होते. घराची किंमत ६० लाख, बँकेने ६० टक्के म्हणजे ३६ लाखांची मर्यादा धरली आणि व्याज समजा साडेदहा टक्के. मुदत १५ वर्षं घेतली तर हातात महिन्याला साधारण ८,३०० येतात. १० वर्षं घेतली तर १७,००० च्या आसपास. एवढा फरक का? कारण दिलेल्या प्रत्येक हप्त्यावर चक्रवाढ व्याज चढत जातं आणि त्या ३६ लाखांत व्याजही धरलेलं असतं. म्हणून हे कर्ज साठीत घेण्यापेक्षा पंचाहत्तरीनंतर, कमी मुदतीसाठी घेणं जास्त उपयोगी. मुदत संपल्यावर हप्ते थांबतात, राहणं थांबत नाही.

अडतं ते कागदांवर. घर स्वकष्टार्जित आणि स्वतःच्या नावावर हवं. वडिलोपार्जित, वाटणी न झालेलं घर चालत नाही. पागडीची खोलीही चालत नाही, कारण तिथे तुम्ही मालक नसता. इमारत फार जुनी असेल तर बँक नाही म्हणते. आणि एक अट फारशी कुणी वाचत नाही : सलग वर्षभर त्या घरात राहणं झालं नाही तर कर्ज परत मागितलं जाऊ शकतं. आईला मुलीकडे नेऊन वर्ष उलटलं तर ही अट आडवी येते. मोजक्याच बँका हे कर्ज देतात आणि शाखेतल्या सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही, तेव्हा थेट गृहकर्ज विभागात विचारा. मोठं घर विकून लहान घेणं आणि फरक ज्येष्ठ बचत योजनेत टाकणं हे अनेकांना यापेक्षा जास्त पैसे देऊन जातं. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ओळखीच्या घरातून हलवल्यावर गोंधळ वाढतो, तेही तोलून पाहा.

"सेवा करतोय त्याच्या नावावर घर करून टाका" असा सल्ला नातेवाईक देतात. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की घर घेणाऱ्याने देणाऱ्याची देखभाल आणि वैद्यकीय खर्च करायचा आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली, अशी अट असेल आणि ती पाळली नाही, तर हस्तांतरण रद्द करून घर परत मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण फार अवघड होतं.

भावंडांचा वाटा

तूट १५,००० आणि भावंडं तीन, म्हणून प्रत्येकी ५,००० असा भाग करू नका. ज्या घरी आई आहे तिथली सून किंवा मुलगी रात्री तीनदा उठते. त्या रात्रपाळीला ब्युरो किती घेतो तो आकडा आधी तक्त्यात लिहा आणि तिचा वाटा भरला असं धरा. हे एकदा कागदावर आलं की दूर राहणाऱ्यांनाही पटतं. एक स्वतंत्र खातं ठेवा, प्रत्येकाने महिन्याच्या ५ तारखेला त्यात ठरलेली रक्कम टाकावी, आईचं पेन्शनही त्यातच यावं, आणि सगळा खर्च त्यातूनच व्हावा. महिन्याअखेर खात्याचा उतारा सगळ्यांना पाठवायचा.

कुणी वाटा द्यायलाच तयार नसेल तर वर सांगितलेल्या २००७ च्या निर्वाह कायद्याखाली ज्येष्ठांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज त्यांच्या वतीने दुसरी अधिकृत व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं, आणि मूल नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार तो नातेवाईक, यांच्यावर जबाबदारी टाकता येते. महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह रक्कम मंजूर होऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. नातं तुटण्याची भीती असते, म्हणून बहुतेक आई-वडील इथवर येत नाहीत. न्यायाधिकरण आधी समेटाचा प्रयत्न करतं, हे त्यांना सांगा.

मावशींची वही

एवढं करून जमवलेला पैसा जातो तो मावशींच्या हातात, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. दोनशे पानी वही आणा. रोजची एक ओळ : तारीख, यायची वेळ, जायची वेळ, सही. उजवीकडे उचल किती घेतली ते, आणि पुन्हा सही. मागच्या पानापासून रुग्णाची नोंद सुरू करा : काय खाल्लं, लघवी किती वेळा, कूस कधी बदलली, चट्टा दिसला का. सुट्ट्या महिन्याला किती आणि त्या भरपगारी की बिनपगारी, हे पहिल्याच दिवशी ठरवून पहिल्या पानावर लिहा. उचल अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंतच द्या. त्यापुढे गेली की फेडता येत नाही आणि चांगली मावशी काम सोडून जाते. पगार शक्यतो खात्यावर द्या आणि ठरलेल्या तारखेला द्या. वर्षाने पगार थोडा वाढवा, तोही पाच वर्षांच्या आकड्यात आधीच धरलेला असू द्या, कारण दर महिन्याला नवी माणसं येत राहिली की आजारी माणसाला पुन्हा पुन्हा अनोळखी हातांची सवय करून घ्यावी लागते.